घाटात पहिल्यांदा जाताना

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील विज्ञान शिक्षकांसाठी घेतलेल्या एका शिबिरात आम्ही गतीचा पाठ शिकवत होतो. उदाहरणे नेहमीचीच होती. गुळगुळीत उतारावरून घसरणारा ठोकळा, घर्षण नसलेल्या टेबलावरची गाडी, वगैरे. असा ठोकळा आम्ही जन्मात पाहिलेला नाही आणि समोर बसलेल्या शिक्षकांनीही पाहिला नसावा. चहाच्या सुट्टीत एका शिक्षकांबरोबर आलेला अकरावीचा विद्यार्थी जवळ आला आणि म्हणाला, "सर, आमचा खोंड यंदा पहिल्यांदा घाटात जाणार आहे. पहिल्यांदा जाताना काय बघावं लागतं?"

प्रश्न साधा होता. उत्तर देताना मात्र गतीचा सगळा धडा पुन्हा उघडावा लागला, आणि तो ठोकळ्यापेक्षा बराच चांगला समजला. तेच उत्तर येथे सविस्तर मांडत आहोत.

पुणे जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडी ओळख. खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या भागात 'घाट' म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे, बैलगाड्यांच्या शर्यतीची धावपट्टी. गावाच्या यात्रेत ती गजबजते. खेड तालुक्यातील निमगाव दावडीच्या खंडोबाचा घाट तर पंचक्रोशीबाहेरही प्रसिद्ध आहे. गाड्याला चार बैल असतात. पुढची जोडी जुकाटाची, मागची धुरेची. त्यांच्याही पुढे घोडी पळते. गाडे एकमेकांशेजारी पळत नाहीत. एकेक गाडा सुटतो आणि घड्याळावर त्याचे सेकंद मोजले जातात. अशा एका धावेला 'बारी' म्हणतात. दोन गोष्टी मात्र नवख्याच्या नजरेतून निसटतात. पहिली, या गाड्यावर कोणी बसलेले नसते. कासरा हातात धरून बैल वळवणारा, आवरणारा माणूसच नाही. दुसरी, धावपट्टी सपाट नसून चढाची असते.

आमच्या मते या दोन गोष्टींचा एकमेकींशी घट्ट संबंध आहे, आणि पहिल्यांदा घाटात जाणाऱ्याने काय बघावे याचे निम्मे उत्तर त्या संबंधात आहे.

हा प्रश्न आज महत्त्वाचा का, हेही सांगायला हवे. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारच्या अधिसूचनेने खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश झाला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती बेकायदा ठरवल्या. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, पण त्याच वर्षी उच्च न्यायालयाने परवानग्या रोखल्या. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ घाट कायद्याने बंद होते. सात वर्षे म्हणजे पळणाऱ्या बैलाची जवळजवळ सगळी उमेद. जाणते बैल म्हातारे झाले, जाणती माणसेही थकली, आणि घाट पुन्हा उघडले तेव्हा बैल नवे होते, गाडा धरणारी पोरे नवी होती. दोराला टेकून उभे राहणारे प्रेक्षकही नवे होते. गाडा गर्दीत घुसल्याच्या बातम्या यात्रेच्या हंगामात वाचायला मिळतात, त्या या पार्श्वभूमीवर वाचाव्यात.

चढ कशासाठी?

प्रथम आकडे घेऊ. घाटाघाटांत फरक असतो, म्हणून हिशेबापुरते सोपे आकडे धरू. समजा घाटाची लांबी १२० मीटर आहे आणि बारी १२ सेकंदांची झाली. सरासरी वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. पण गाडा थांबलेल्या स्थितीतून सुटतो. पहिले चार सेकंद वेग एकसारखा वाढला आणि नंतर तो कायम राहिला असे मानले, तर हा कायमचा वेग सेकंदाला १२ मीटर येतो. विद्यार्थ्यांकडून वेग-काल आलेख काढून घ्यावा. आलेखाखालचे क्षेत्रफळ पहिल्या चार सेकंदांसाठी २४ आणि पुढच्या आठ सेकंदांसाठी ९६ मीटर येते, बेरीज बरोबर १२०. ताशी साधारण ४३ किलोमीटर. मोटारसायकलवाल्या मुलांना हा वेग किरकोळ वाटेल. पण मोटारसायकलला ब्रेक असतो.

आता चार बैल आणि हलका गाडा मिळून १८०० किलोग्रॅम धरू. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. १८०० गुणिले १४४, भागिले २ म्हणजे १,२९,६०० जूल. शेवटची खूण ओलांडताना एवढी ऊर्जा गाड्याबरोबर असते आणि ती कुठेतरी जायला हवी. सपाट जमिनीवर ती जिरवण्याचे काम एकट्या बैलाच्या पायांवर पडते. त्याच्या पाठीमागे बिनब्रेकाचा गाडा रेटत असतो, आजूबाजूला आरडाओरडा चालू असतो, आणि थांबायचे आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

चढ हे काम फुकट करतो. वर चढताना गतिज ऊर्जेचे स्थितिज ऊर्जेत रूपांतर होते. किती उंची चढल्यावर वेग शून्य होईल? वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट. १४४ भागिले १९.६ म्हणजे सुमारे ७.३ मीटर. या सूत्रात वस्तुमान येतच नाही, ही गंमत वर्गात आवर्जून दाखवावी. एक बैल असो वा चार, उंची तीच. अर्थात बैल म्हणजे चेंडू नव्हे. तो पाय रोवतो किंवा घाबरून आणखी पळतो. त्यामुळे हा आकडा नेमका थांबण्याचा नाही, तो आपल्याला जिरवायच्या वेगाचे माप देतो. उलट बाजूनेही तो वाचता येतो. ७.३ मीटर म्हणजे दोन मजल्यांहून जास्त उंची. तेवढ्यावरून पडलेली वस्तू जमिनीवर ज्या वेगाने आदळते, त्याच वेगाने गाडा शेवटच्या खुणेवरून पुढे येत असतो. खुणेच्या पुढे उभे राहून मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांना आम्ही हे वाक्य नेहमी ऐकवतो. ऐकतात थोडे.

म्हणून त्या मुलाला आम्ही पहिली गोष्ट सांगितली ती ही, की घाट बघायला गेलास की गाडा सुटतो ती जागा आधी बघू नकोस. शर्यत संपते त्याच्या पुढे काय आहे ते बघ. दर २० मीटरला १ मीटर असा मंद चढ असेल, तर ७.३ मीटर उंची गाठायला सुमारे १४७ मीटर वाट लागेल. दर १० मीटरला १ मीटर चढ असेल तर ७३, आणि दर ५ मीटरला १ मीटर असेल तर ३७ मीटर. तेवढी मोकळी वाट आहे का? की मंडप, रसवंतीची गाडी आणि बैल आणलेले टेम्पो तिथेच उभे आहेत?

दौंडच्या शिक्षकांना हे तत्त्व वेगळ्या नावाने माहीत होते. दौंड हे रेल्वेचे गाव, तेथे घरटी नाही तरी आळीला एक रेल्वेवाला सापडतोच. बोरघाटात लोणावळ्याहून कर्जतकडे उतरताना लोहमार्गाचा उतार काही ठिकाणी ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र आहे. तेथे मुख्य मार्गापासून फुटून वर चढत जाणारे रुळांचे फाटे आहेत. त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. सांधा एरवी या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी ताब्यात असल्याची खात्री पटली की तो मुख्य मार्गाकडे वळवतात. ब्रेक निकामी झालेली गाडी फाट्यात शिरून चढावर आपोआप मंदावते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने आलेल्या गाडीला त्यासाठी सुमारे ५ मीटर उंची चढावी लागते, मग ती मालगाडी असो की नुसते इंजिन. बैलगाड्याचा घाट हा एका अर्थाने कॅच सायडिंगच आहे.

सातारा-सांगलीकडच्या माळावरच्या शर्यतींत छकड्यावर गाडीवान असतो. सपाटीवर आवरायला माणूस लागतो, चढावर तो नसला तरी चालते, म्हणून दोन रीती वेगळ्या पडल्या असाव्यात असा आमचा तर्क आहे.

आधी पायी चालणे

रेल्वेचे चालक आणखी एक गोष्ट पाळतात. ज्या मार्गावर आधी गाडी नेलेली नाही, त्यावर एकट्याने जाता येत नाही. जाणत्या चालकाबरोबर इंजिनात उभे राहून त्या मार्गाच्या फेऱ्या कराव्या लागतात. चढ कुठे सुरू होतो, सिग्नल कोणत्या वळणाआड दडलेला आहे, हे डोळ्यांना ओळखीचे व्हावे लागते. मोटारींच्या शर्यतीतही असेच आहे. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगचा जुना उत्तर मार्ग १९२७ पासून वापरात आहे. त्याची लांबी सुमारे २०.८ किलोमीटर आणि वळणे सत्तरांहून अधिक. तेथे पहिल्यांदा जाणाऱ्याला पहिल्या फेऱ्या सावकाश मारायला सांगतात. मोठ्या शर्यतींचे व्यावसायिक चालकही शर्यतीआधी धावपट्टीवर पायी फिरून येतात, कारण मोटारीतून न दिसणारा उंचसखलपणा पायाला कळतो.

बैलगाड्यात चालकच नसल्यामुळे हे पायी चालणे दोघांना करावे लागते, मालकाला आणि बैलाला.

मालकाने चढ मोजावा. त्यासाठी गवंड्याकडची पाण्याची नळी पुरते. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोके दोन काठ्यांना धरली की दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच राहते. काठ्यांवरच्या खुणांमधला फरक म्हणजे त्या दोन जागांच्या उंचीतला फरक. दर १० मीटरला मोजत गेले की घाटाचा उभा छेद कागदावर काढता येतो. सहावी-सातवीची मुलेसुद्धा हे करतात, फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. पुस्तकात चढ म्हणजे एक सरळ तिरकी रेघ असते. प्रत्यक्षात कुठे फुगवटा निघतो, कुठे खोलगट जागा. फुगवट्यावरून १२ मीटर वेगाने जाणारे चाक क्षणभर हवेत असते, आणि हवेतल्या चाकाला दिशा नसते.

मग जमीन बघावी. पहिल्या चार सेकंदांत आपण धरलेले त्वरण सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद आहे. एवढे त्वरण आणि वर २० ला १ चा चढ मिळवायचा, तर खूर आणि जमीन यांमधील घर्षणांक किमान ०.३५ हवा. दाबलेल्या, किंचित ओलसर मुरमावर तो सहज मिळतो. धुरळा बसावा म्हणून पाणी मारतात ते योग्यच, पण काळ्या मातीवर पाणी जास्त झाले की तीच माती वंगण होते. खूर घसरला की बैल गुडघ्यावर येतो आणि मागची जोडी व गाडा त्याच्यावर येतात. मुरूम मुठीत दाबून बघावा. लाडू वळला पाहिजे आणि हात चिखलाने माखता कामा नये. ही परीक्षा बांधकामावरचे मुकादम करतात, आम्हीही तिच्यावर विश्वास ठेवतो.

आता जोडी. नांगराला नवा खोंड नेहमी जाणत्या बैलाशेजारी जुंपतात, त्याचे कारण केवळ शिकवणी नव्हे. जू ही मधोमध टेकू असलेली तरफ आहे. दोन बैल सारखे ओढतात तोवर ती सरळ राहते. एक पुढे गेला की जू तिरके होते आणि गाडा मागे राहिलेल्याच्या बाजूला वळतो. दोन मानांमधले अंतर १.२ मीटर आणि एक बैल दुसऱ्याच्या ३० सेंटिमीटर पुढे असे धरा. जू साधारण १४ अंशांनी तिरके झाले. सेकंदाला १२ मीटर वेगाने पळणारा गाडा मग एका सेकंदात जवळजवळ ३ मीटर बाजूला सरकतो. घाटाच्या कडेचा दोर किती दूर आहे? म्हणून पहिल्या खेपेला सर्वांत वेगवान बैल शोधण्यापेक्षा सारख्या वेगाचा जोडीदार शोधावा. वेगवान बैलाला मंद जोडी देऊन बक्षीस मिळत नाही, मिळतो तो दोराकडचा कल.

बैलाला काय दिसते

बैलाला घाट आधी दाखवावा असे आम्ही म्हणतो, तेव्हा जाणते मालक मान डोलावतात आणि नवखे हसतात. बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. सभोवारच्या ३६० अंशांपैकी सुमारे ३३० अंश त्याला दिसतात. मात्र दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी दिसणारा समोरचा पट्टा अरुंद असतो, आणि अंतराचा अंदाज त्या पट्ट्यातच नीट येतो. थोडक्यात, समोरच्यापेक्षा बाजूची हालचाल त्याला आधी जाणवते. फडकणारा फ्लेक्स, उघडलेली छत्री, जमिनीवरची काळी सावली, अचानक पुढे झालेला माणूस यांना तो बुजतो. लाल रंगाला बुजतो हा मात्र गैरसमज आहे. आपल्या डोळ्यांत रंगांसाठी तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात, बैलाच्या डोळ्यांत दोनच. तांबडा-हिरवा भेद त्याला आपल्यासारखा जाणवत नाही. लाल निशाण फडकते म्हणून तो बिचकतो, लाल आहे म्हणून नव्हे.

कानांचे तर विचारूच नका. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, गाईबैलांना सुमारे ३५ हजारांपर्यंत, आणि त्यांचा कान ८ हजार हर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो. कर्ण्यातून निघणारी किंकाळी, पत्र्यावर पत्रा घासल्याचा आवाज, शिट्ट्या हे सगळे त्याला आपल्यापेक्षा जास्त बोचते. यात्रेच्या आदल्या दिवशी घाट रिकामा असताना खोंडाला मोकळ्या वेसणीने खालून वर दोनदा चालवत न्यावे आणि वर थोडी वैरण खाऊ घालावी. ज्या जागेशी चांगला अनुभव जोडला गेला, तिकडे जनावर नंतर कमी भीतीने जाते. घोडी पुढे का असते, हेही मग समजते. गुरे कळपाने राहणारी, पुढच्याच्या मागे जाणारी. कासरा नसलेल्या गाड्याला दिशा देणारी तीच एक.

काठी, चाबूक आणि टोचणी यांबद्दल कायदा स्पष्ट आहे. २०१७ च्या राज्य नियमांनुसार त्यांना मनाई आहे, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि बैलांची पशुवैद्यकीय तपासणी आवश्यक आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आमचे मत तेच राहील. आपल्या उदाहरणात चार बैल १२ सेकंदांत गतिज ऊर्जेचे १,२९,६०० आणि १८०० किलो भार ६ मीटर वर नेण्याचे सुमारे १,०५,८०० जूल, असे मिळून २ लाख ३५ हजार जूल कार्य करतात. शक्ती जवळजवळ २० किलोवॉट, म्हणजे २६ अश्वशक्ती. बैलामागे साडेसहा. शेतात दिवसभर राबणारा बैल सुमारे अर्धी अश्वशक्ती देतो. तेरापट शक्तीने धावणारे जनावर स्नायूंमधला तयार साठा वापरत असते, आणि हा साठा काही सेकंदांचाच असतो. टोचून तो वाढत नाही. टोचलेल्या बाजूपासून बैल दूर सरतो मात्र, आणि वर सांगितलेले १४ अंश तेथून सुरू होतात.

उन्हाबद्दलचा हिशेब आम्हालाही अनपेक्षित होता. एका बैलाचे यांत्रिक कार्य सुमारे ५९ हजार जूल. स्नायूंची कार्यक्षमता २० टक्के धरली तर त्याच्या चौपट, सुमारे २ लाख ३५ हजार जूल उष्णता शरीरात निर्माण होते. साडेचारशे किलोच्या बैलाचे तापमान त्यामुळे किती वाढेल? अंशाच्या दोन दशांशांपेक्षाही कमी. नुसते पाय मागेपुढे फेकण्यात खर्च होणारी ऊर्जा यात धरलेली नाही. ती धरून उष्णता दुप्पट मानली तरी वाढ तीन दशांशांच्याच आसपास. आता तोच बैल आपल्या नंबराची वाट बघत चैत्रातल्या दुपारी तासभर उन्हात उभा आहे असे समजा. खिल्लार बैल पांढरा, त्यामुळे बरेच ऊन परावर्तित होते. तरीही निम्मे शोषले गेले तर तासाला सुमारे २७ लाख जूल उष्णता अंगात येते, धावेतल्या उष्णतेच्या दहापटीहून जास्त. ती घाम आणि श्वासावाटे बाहेर पडली नाही तर तापमान दीड अंशाहून अधिक चढेल. बैलाचे नेहमीचे तापमान ३८.५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, त्यात दीड अंश म्हणजे ताप. टेम्पोच्या बंद हौद्यात वारा नसतो, तेथे स्थिती आणखी वाईट. सगळी चर्चा १२ सेकंदांची होते आणि बैलाला खरा त्रास देणारे आधीचे तीन तास कोणी मोजत नाही. सावली आणि पाणी यांची सोय टोकन काढण्याआधी करावी.

घड्याळाचे भांडण

घाटात सर्वांत जास्त भांडणे कशावरून होतात, असे आम्ही शिबिरात विचारले. उत्तर एकमुखाने आले : सेकंदांवरून. हाताने दाबायच्या घड्याळात काही चुका अटळ असतात. डोळ्याने पाहून बोट दाबेपर्यंत माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. सुरुवातीला आणि शेवटी तोच माणूस दाबत असेल तर ही दिरंगाई बरीचशी वजा होते. पण वरच्या टोकाला उभा असलेला माणूस खालची आरोळी ऐकून घड्याळ सुरू करत असेल, तर १२० मीटर यायला आवाजाला ०.३५ सेकंद लागतात. त्याचे घड्याळ तेवढे उशिरा सुरू होते आणि बारी तेवढी कमी भरते. निशाण पाहून सुरू करणाऱ्याला हा फायदा मिळत नाही. शिवाय ०.१ सेकंदात गाडा १.२ मीटर पुढे जातो, म्हणजे बैलाच्या निम्म्या लांबीहून थोडे जास्त. हाताच्या घड्याळावर शंभराव्या भागाचा निकाल देणे म्हणजे नाकाच्या १२ सेंटिमीटरवरून पैज लावणे आहे. प्रकाशकिरण तुटताच सुरू होणारी आणि थांबणारी साधने यासाठी चांगली. तोवर निदान तीन घड्याळे लावून मधला आकडा घ्यावा.

शाळेच्या मैदानावर सायकलने हे करून बघता येते. वीस मुलांना घड्याळे द्या, एकाच सायकलची एकच फेरी मोजायला सांगा आणि आकडे फळ्यावर लिहा. नंतर सायकल पायडल न मारता चढावर सोडून द्या. सेकंदाला ५ मीटर वेगाने आलेली सायकल सव्वा मीटरच्या आसपास उंची गाठायला हवी. प्रत्यक्षात थोडी कमी गाठते. का, ते मुलेच सांगतात.

त्या मुलाचे शिक्षक पुढच्या महिन्यात पुन्हा भेटले. मुलाने गावच्या घाटाची पाण्याच्या नळीने मोजणी केली होती. शेवटच्या खुणेपलीकडे चढ १२ मीटरला १ मीटर होता. हिशेबाने ८८ मीटर वाट मोकळी हवी होती, होती ४० मीटर, आणि तिच्या शेवटी दरवर्षी टेम्पो लागत. तो कागद घेऊन तो आपल्या चुलत्यांकडे गेला. "घाट माझ्या आज्यापासून असाच आहे," असे ते म्हणाले, पण यात्रेच्या दिवशी टेम्पो बाभळीपलीकडे लावले गेले. खोंडाची बारी चौथ्या नंबरात बसली. शिक्षकांच्या घड्याळात १४.१ सेकंद भरले, मुलाच्या घड्याळात १४.३. वहीत दोन्ही आकडे लिहिले आहेत.